रामकुंड दहा मिनिटांवर

११ मे, रविवार

संध्या येऊन गेली. मामेबहीण. पुण्याहून निघाली, मुंबईला विमान, तिथून कॅनडा. नाशिकची वाट वाकडी केली ती मामांसाठी. मामांची इच्छा होती, अस्थी रामकुंडात सोडाव्यात आणि त्या भाच्यानं सोडाव्यात. भाचा मी एकच.

दहावं-तेरावं पुण्यात झालं. तिला आत्ताच्या आत्ता रामकुंडावर जायचं होतं. मी म्हणालो, संध्याकाळी बरोबर नाही, गुरुजी भेटत नाहीत, तू विमान गाठ, मी उद्या सकाळी निवांत करतो. लोक कलकत्त्याहून येतात. मला गंगापूर रोडवरून दहा मिनिटं.

तिनं पार्किंगमध्येच पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, दादा, तुझ्याकडे दिलं म्हणजे झालंच.

अस्थी घरात आणत नाहीत. पूर्वी झाडाला टांगून ठेवायचे. आमच्या सोसायटीत अशोकाची झाडं आहेत. त्यांना टांगण्यासारखी फांदी नसते. गाडगं लहान, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत नीट बसलं. स्कूटर मामांचीच. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर होऊन ते पुण्याला गेले तेव्हा मला देऊन गेले. म्हणजे मामा आपल्याच गाडीत आहेत.

उद्या सकाळी सहा.

१२ मे, सोमवार

आठवड्याच्या पहिल्याच दिवशी ऑफिसला उशीर नको. उद्या.

१३ मे, मंगळवार

मंगळवारी हे करतात का, असं ज्योत्स्नाला विचारलं. ती म्हणाली, तुला करायचं नसेल तर कुठलाही वार चालतो.

बायकोला विचारूच नये.

१९ मे, सोमवार

बँकेत नवीन जबाबदारी. सगळ्या शाखांच्या स्टाफसाठी अर्ध्या दिवसाचं सेशन घ्यायचं. विषय, ‘चालढकल: कारणं आणि उपाय’. मलाच का, असं विचारलं. साहेब म्हणाले, तुम्हाला विषय आतून माहीत आहे.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी दखल घेतली.

सेशन जूनअखेर. तोवर विषयाचा मुळापासून अभ्यास करायचा. अभ्यास झाला की मामांचं काम त्यातच होऊन जाईल. अर्धवट तयारीनं घाटावर जाण्यात अर्थ नाही.

२५ मे, रविवार

पेट्रोल भरायला सीट उघडावी लागते हे लक्षात नव्हतं. पंपावरच्या माणसानं नळी हातात धरून गाडग्याकडे पाहिलं. काका, दही का, म्हणाला. मी हो म्हणालो. तो म्हणाला, उन्हात आंबेल.

घाईघाईत पन्नासचंच पेट्रोल घेतलं. आता परत यावं लागणार.

२७ मे, मंगळवार

अमावस्या. ह्या कामाला ह्याहून चांगला दिवस नाही. म्हणूनच सगळं गाव तिथं असणार. टाळलं.

१ जून, रविवार

अभ्यास चालू आहे. तज्ज्ञांचं म्हणणं असं की चालढकल म्हणजे आळस नव्हे. माणूस काम टाळत नाही. कामाच्या पोटात जी भावना असते, ती टाळतो. हे वाचून बरं वाटलं. मी आळशी नाही हे मला माहीत होतंच, आता आधार मिळाला.

माझ्या बाबतीत भावनेचा प्रश्न येत नाही. वेळेचा येतो.

मामांना वेळेचा प्रश्न कधी आला नाही. लहानपणी मे महिना मी ओझरला, त्यांच्या क्वार्टरवर काढायचो. फॅक्टरीची बस पावणेसहाला. मामा साडेपाचला बूट घालून दारात उभे. शर्ट खोचलेला, नजर मनगटावरच्या घड्याळावर. रविवारी आम्हाला नाशिकला न्यायचे, तेव्हाही तसेच. मी घरभर चड्डी शोधत असायचो. मामी ओरडायला लागली की तिला म्हणायचे, बस जरा, ह्याचं आवरेपर्यंत दुसरी बस येईल.

रागावले कधीच नाहीत.

८ जून, रविवार. सकाळी साडेआठ

आज निघालो. हे नोंदवून ठेवणं महत्त्वाचं. सहाला उठलो, आंघोळ केली, फुलं घेतली. अशोकस्तंभाच्या सिग्नलला मागचं चाक बसलं. पंक्चरवाला अजून झोपेत. शटरसमोर उभा होतो, तेवढ्यात संध्याचा मेसेज. दादा, झालं का? मनात सारखं तेच येतं.

लिहिलं, हो, छान झालं.

मी खोटं बोललो असं वरवर वाटेल. पण पंक्चर झालं नसतं तर त्या क्षणी मी घाटावरच असतो. तिनं मेसेज पाऊण तास उशिरा केला असता तर ते खरंच झालं असतं. फरक राहतो तो फक्त हवेचा.

तिनं रडण्याचं चित्र पाठवलं आणि फोटो मागितला. लिहिलं, अशा वेळी फोन हातात धरणं मला पटत नाही. तिला ते आवडलं.

१५ जून, रविवार

एक मोकळेपणा आला आहे. न झालेलं काम डोक्यावर बसतं. हे आता झालेलं काम आहे. फक्त करायचं बाकी आहे.

२९ जून, रविवार

सेशन पुढे ढकललं. माझ्या स्लाइड तयार नव्हत्या. साहेब हसले. म्हणाले, ह्यालाच प्रात्यक्षिक म्हणतात.

६ जुलै, रविवार

गोदावरीला पूर. घाटावरचा दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला. घाटाकडे जायला पोलीस मनाई करतात. आता माझ्या हातात काही नाही. खूप दिवसांनी शांत झोप लागली.

७ जुलै, सोमवार

झोपेबद्दल लिहायला नको होतं. पहाटे स्वप्न पडलं. मामा आमच्या दारात. बूट घातलेले, हातात रेक्झिनची बॅग. म्हणाले, निघायचं का? मी म्हणालो, मामा, पूर आहे. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर कोरडं ठाक होतं.

१९ जुलै, शनिवार

वॉचमन भिकननं आपली खुर्ची माझ्या स्कूटरजवळून हलवून गेटपाशी नेली. कारण विचारलं. तो कळवणकडचा, कमी बोलतो. म्हणाला, “साहेब, ते सकाळचे तिथं उभे राहतात. काय बोलत नाय. घड्याळ बघतात नुसते. आपण बसायचं आन् त्यांनी उभं राहायचं, बरं नाय वाटत.”

कोण ते, असं मी विचारलं. त्याला नाव माहीत नव्हतं. शर्ट खोचलेला असतो, म्हणाला. साधारण साडेपाचला.

दूधवाला असणार. दूधवाला साडेसहाला येतो, आणि त्याचा शर्ट बाहेर असतो. पण दूधवालाच असणार.

डिकीत काय आहे हे मी भिकनला कधी सांगितलेलं नाही. मामांना त्यानं कधी पाहिलेलं नाही. त्यानं चहासुद्धा नको म्हटला.

३ ऑगस्ट, रविवार

वेदिकानं जाहीर केलं की ती मामाआजोबांवर बसून क्लासला जाणार नाही. तिला कोणी सांगितलं, हे विचारलं. सगळ्यांना माहीत आहे, म्हणाली. तळमजल्यावरच्या काकू येता-जाता स्कूटरला नमस्कार करतात, हेही कळलं.

पाणी अजून गढूळ आहे. गढूळ पाण्यात मामांना सोडणार नाही. स्वच्छतेच्या बाबतीत ते काटेकोर होते.

१७ ऑगस्ट, रविवार

मामीचा पुण्याहून फोन. आवाज बारीक झाला आहे. तिला मामा दिसतात. पण पुण्यात नाही. म्हणाली, कुठंतरी पुष्कळ गाड्या लावल्या आहेत तिथं उभे असतात. पेट्रोलचा वास येतो. मी विचारते, पोचलात का? तर म्हणतात, नाही, अजून निघालो नाही.

मग मला विचारलं, गुरुजींनी सगळं नीट केलं होतं ना रे?

मी म्हणालो, हल्लीच्या गुरुजींचं काही सांगता येत नाही, एका वेळी चार चार जणांचं उरकतात. नंतर खूप वेळ त्या गुरुजींचा राग येत राहिला. एवढ्या श्रद्धेनं माणूस जातो, निदान मंत्र तरी पुरे म्हणावेत.

३१ ऑगस्ट, रविवार

अभ्यासात नवा उपाय सापडला. मोठं काम अंगावर येतं. त्याचे बारीक तुकडे करावेत आणि रोज एक तुकडा उरकावा. तुकडे केले. पंचा आणणे. काळे तीळ आणणे. गुरुजींचा नंबर मिळवणे. स्कूटरची हवा तपासणे. जाणे.

पंचा आणला. पहिलाच तुकडा, पण सुरुवात झाली. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आईच्या नावानं गच्चीवर पान ठेवलं. आई असती तर मला मे महिन्यातच पिटाळलं असतं. कावळा येईना. ज्योत्स्ना, वेदिका, मी, तिघंही उन्हात उभे. शेवटी वेदिका कठड्यावरून खाली वाकली. म्हणाली, बाबा, कावळा खाली आहे.

स्कूटरच्या सीटवर बसला होता. आमच्याकडे पाहतही नव्हता.

ज्योत्स्ना पान घेऊन खाली गेली. सीटजवळ ठेवलं. तो लगेच जेवला. वर येताना ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाड्यांची पूजा. वेदिकानं कारला झेंडूची माळ घातली, मी स्कूटर पुसली. हँडलला माळ लांब पडत होती, म्हणून सीटवरून घेतली. लांबून पाहिलं तर हार घातलेला फोटो असतो तसं दिसत होतं. काढून टाकणार होतो, पण भिकन आला आणि एक फूल ठेवून गेला. मग काढवेना.

श्रीखंड उत्तम. चक्का कशात बांधला असं सहज विचारलं. कपाटात नवा पंचा होता, असं ज्योत्स्ना म्हणाली.

पहिल्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी संपली. दिवाळीत अशुभ नको म्हणून थांबलो होतो. आता कुंभाच्या कामांसाठी तिकडचे रस्ते खणले आहेत. वळसा पडतो. दहा मिनिटांची वीस होतात. वीस मिनिटं म्हणजे वेगळा विचार करावा लागतो.

स्कूटरचं मात्र नवल आहे. बारा वर्षांत सकाळी कधी एका किकमध्ये सुरू झाली नाही. आता होते. बटण दाबायच्या आत होते असं लिहिणार होतो. तसं लिहू नये.

९ नोव्हेंबर, रविवार

मामी येते आहे. पुढच्या रविवारी, बसनं, एकटी. फोनवर म्हणाली, तू त्यांना जिथं सोडलंस ती जागा मला बघायची आहे. एकदा हात लावून येते, म्हणजे झोप लागेल.

हातात सहा दिवस आहेत. एक दिवस पुरतो. तेव्हा पाच दिवस जास्तच आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर ऑफिसात ऑडिट. उद्या पहाटे पाचला उठून, मामीची बस यायच्या आत, उरकून येतो. मग तिला दाखवायची जागा खरीच असेल. गोष्टी शेवटी अशाच जुळतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठला जाग आली. मामी दारात.

खूप वाळली आहे. ज्योत्स्नानं चहा दिला. स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “मी मध्ये बोलणार नाही. पण तिला फसवून परत पाठवू नकोस.” मी म्हणालो, योग्य वेळी सांगणारच आहे.

कार काढत होतो. मामी म्हणाली, त्यांच्या स्कूटरवर ने. पूर्वीसारखी एका बाजूला बसली. पिशवी डिकीत टाक म्हणाली. मी म्हणालो, डिकीचं लॉक बिघडलंय. ती म्हणाली, ह्यांच्या हाती होती तोवर ह्या गाडीचं काही बिघडलेलं राहायचं नाही. पिशवी मांडीवर घेतली.

खणलेल्या रस्त्यांवरून निघालो. मामी मागे हलक्या आवाजात बोलत होती. थंडी पडली का, गुडघा दुखतो का, संध्याचं बरं चाललंय, कॅनडात बर्फ सुरू झालं. मी पुढून उत्तरं देत होतो. नाही मामी, थंडी नाही अजून. गुडघा ठीक आहे. रविवार कारंजाच्या चौकात ती बोलायची थांबली. म्हणाली,

“तुला नाही रे.”

त्यानंतर मी खड्ड्यांवर लक्ष ठेवून चालवली.

घाटावर नेहमीची गर्दी. मुंडण, पिंड, पितळी तांबे, बाहेरगावच्या गाड्या. लोक रात्रभर प्रवास करून आले होते. त्यांचं काम वीस मिनिटांत उरकत होतं आणि ते वडे खायला जात होते. मामीनं विचारलं, कुठं? मी एक पायरी दाखवली. हीच का? हीच. ती सावकाश खाली बसली. पाण्यात हात घातला. पुष्कळ वेळ तसाच ठेवला.

पलीकडे गांधी तलावात पोरं पोहत होती. मला तिथंच पोहायला शिकवलं मामांनी. पोटाखाली तळवा धरायचे. विचारायचे, सोडू का? मी नको म्हणायचो. मी नको म्हटलं की सोडायचे नाहीत. मी हो म्हणेपर्यंत तीन उन्हाळे गेले.

मामीनं हात बाहेर काढला, पदराला पुसला. म्हणाली, “इथं नाहीत ते.”

रागानं नाही. एखाद्याच्या घरी जावं आणि तो बाहेर गेलेला असावा, तसं.

परत स्कूटरपाशी आलो. सांगायचं ठरवलं. खरोखर ठरवलं. तोंडानं जमेना, म्हणून किल्ली सीटच्या लॉकला लावली. फिरवली. खटका वाजला, सीट बोटभर वर आली. मामीनं तळवा ठेवून ती खाली दाबली.

“राहू दे,” म्हणाली. “लॉक बिघडलंय ना.”

मग वर बसली. येताना वाटभर बोलत होती. एकदा हसलीसुद्धा. मी काही ऐकलं नाही.

दुपारी जेवून झोपली ती संध्याकाळीच उठली. म्हणाली, ह्यांच्यानंतर एवढी झोप आज लागली. जाताना पार्किंगमध्ये स्कूटरजवळ थोडी थांबली. हात फिरवला सीटवर.

एकंदरीत भेट चांगली झाली. तिला सांगण्याची योग्य वेळ आली नाही, पण तिला शांत वाटलं, आणि सांगण्याचा हेतू शेवटी तोच होता.

२० डिसेंबर, शनिवार

सेशन झालं. हॉल भरलेला. मी फॉर्मात. कारणं, भावना, तुकडे, पहिलं पाऊल, सगळं मांडलं. सिन्नर शाखेचा मनोज म्हणून रोखपाल आहे. त्यानं शेवटी विचारलं, सर, कारण कळलं की काम होतं का?

मी हो म्हणालो.

त्यानं वहीत लिहून घेतलं. टाळ्या. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. शाल-नारळ नेहमीच्या सवयीनं डिकीत ठेवायला गेलो. सीट उघडली आणि तसाच उभा राहिलो. शेवटी शाल गाडग्याभोवती नीट गुंडाळली. सकाळी थंडी असते.

९ जानेवारी, शुक्रवार

मामी गेली. झोपेत. पहाटे साडेपाचच्या सुमाराला, असं शेजारणीचं म्हणणं. दाराशी तिच्या चपला बाहेर तोंड करून काढलेल्या होत्या, ह्याचंच शेजारणीला नवल वाटलं.

मी पुण्याला जाऊन आलो. मला कारणं सुचत नाहीत, म्हणून लिहीत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

संध्याचा फोन. रविवारी येते. दहावं-तेरावं आटपतंय, मग नाशिक, मग मुंबई, मग विमान. तेच. म्हणाली, आईनं सांगून ठेवलं होतं. शब्दन्‌शब्द सांगते दादा. ‘रामकुंड नको. माझं गाडगं योगेशकडे दे. ते कुठं आहेत ते त्याला माहीत आहे.’

संध्या रडत होती. म्हणाली, केवढा विश्वास होता बघ तिचा.

विश्वासच. दुसरं काय असणार?

संध्या आली की सगळं सांगायचं. तिला बरोबर घेऊन जायचं आणि दोघांना एकदम सोडायचं. उशीर झाला त्याचं सोनं होईल. नवरा-बायको बरोबर जातील. असं कोणाचं होतं? एका अर्थी मी ह्याच दिवसासाठी थांबलो होतो.

२५ जानेवारी, रविवार

संध्या सकाळी दहाला आली. गाडी त्याच जागी लावली. पिशवीही तसलीच.

म्हणाली, “दादा, ह्या वेळी मी मुद्दाम लवकर निघाले. चार तास आहेत. आत्ताच जाऊ या?”

रस्ता झाला आहे. पूर नाही. रविवार. थंडी. पाणी स्वच्छ. तिच्या गाडीच्या चारही टायरमध्ये हवा, माझ्या स्कूटरचे धरून सहाही. पंचा नवा आणलेला. ज्योत्स्ना दारात उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. भिकन गेटपाशी खुर्चीतून उठून उभा राहिला.

मी म्हणालो, तू दमलीस. चेहरा बघ कसा झालाय. आधी जेव. नंतर बघू.

ती जेवली. मग बोलत बसलो. ओझरच्या क्वार्टरचं निघालं, मामांच्या घड्याळाचं निघालं, मी चड्डी शोधायचो त्याचं निघालं. खूप हसलो. ज्योत्स्ना हसली नाही. संध्यानं घड्याळ पाहिलं तेव्हा तीन वाजले होते. इगतपुरीला ट्रॅफिक असतं, म्हणाली.

पिशवी माझ्या हातात देऊन पाया पडली. म्हणाली, तुझ्यासारखं वेळच्या वेळी करणारं आमच्यात कोणी नाही.

दुसरं गाडगं डिकीत मावेना. मामांनी शालीसकट जागा भरली आहे. काढून पुन्हा लावून पाहिलं. शेवटी पिशवी पुढच्या हुकला अडकवली, हँडलखाली. ज्योत्स्ना वरून पाहत होती. वेदिकानं तिला हाक मारली तरी हलली नाही. मी वर गेल्यावर एवढंच म्हणाली, दोघांना एकाच गाडीवर बसवलंस, तेवढं बरं केलंस.

भिकननं कुठूनतरी दुसरी खुर्ची आणली आणि स्कूटरजवळ ठेवली. तिच्यात कोणी बसलं नाही. निदान मला दिसलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सहा

आज नक्की. गीझर लावला आहे. पंचा, तीळ, गुरुजींचा नंबर, सगळं टेबलावर काढलं आहे. पाणी तापलं की आंघोळ, आंघोळ झाली की निघालोच. रस्त्यात चिटपाखरू नाही. सहा मिनिटांत पोचेन.

पाणी तापेपर्यंत पहाटेचं स्वप्न लिहून काढतो, नाहीतर विसरेन. मामा दारात होते. बूट, खोचलेला शर्ट, बॅग. ह्या वेळी त्यांच्याबरोबर मामी. नेसून तयार, पायात चपला. त्यांनी मला निघायचं का असं विचारलं नाही. दोघांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. मामी एकसारखी जिन्याकडे बघत होती. मामांनी घड्याळ पाहिलं, खुर्ची पुढे ओढली, आणि तिला म्हणाले,

“बस जरा. ह्याचं आवरेपर्यंत दुसरी बस येईल.”